परदेशातला कोळी ओळखण्याची रीत, खास चेंबूरकरांसाठी

परदेशात मोठं जाळं दिसलं की चेंबूरकराने प्रथम ओरडू नये. मागची अख्खी टूर थांबते आणि जेवायला उशीर होतो.

मोबाइल खिशातच ठेवावा. हा नियम कुणी पाळत नाही. डायमंड गार्डनच्या आसपास प्रत्येक सोसायटीत एक काका असतातच. ते सिंगापूरहून फॅमिली ग्रुपवर फोटो धाडतात, खाली ‘भयंकर विषारी!!’ असं लिहितात, आणि फोटोत असतं काय, तर काकूंचं अर्धं डोकं आणि मागे एक काळा डाग.

ओळख जाळ्यापासून सुरू करावी. तिरपं ऊन पडल्यावर धागा सोनेरी दिसला, जाळं मीटरभर रुंद असलं आणि मादी मधोमध न बसता जरा वरच्या अंगाला, डोकं खाली करून बसलेली असली, तर ती नेफिला पिलिपेस. अंग चार-पाच सेंटिमीटर, पाय धरून तळहाताहून मोठी. लांबट पोटावर पिवळ्या रेघा. नर पाच-सहा मिलिमीटरचा. तो चष्मा लावून जाळ्याच्या कडेला शोधावा. चंदेरी टिकल्यांसारखे बारके कोळी दिसले, तर ‘पिल्लं किती गोड’ म्हणू नये. ते आर्जिरोडीस, दुसऱ्याच्या जाळ्यावर फुकट जेवणारे.

पायांची फुली करून बसलेली दिसली, तर ती आर्जिओपी. पुढे चालावं.

विषाचं म्हणाल, तर नेफिला माणसाच्या जिवावर उठत नाही. सिडनीचा फनेल-वेब मात्र खरोखर जीवघेणा. पण तो असं गोल जाळं टांगत नाही, बिळात राहतो, आणि त्यावर १९८१ पासून प्रतिविष आहे. अटलांटाकडे मुलाच्या ओसरीवर शरदात पिवळी जाळी दिसली, तर ते जोरो. पूर्व आशियातून आलेले, २०१४च्या सुमारास जॉर्जियात सापडलेले. झाडू सुनेकडे मागावा.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये २०१२ साली मादागास्करच्या अशाच कोळ्यांच्या रेशमाचा झगा मांडला होता. दहा लाखांहून जास्त कोळी लागले. काकूंनी भाव विचारू नये.

आता खरी तक्रार. सिंगापूरची ही नेफिला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही आहे, अगदी तीच जात. पावसाळा सरताना रानवाटेवर मान वर करून चालायचं, एवढंच. पण काका म्हणणार, ‘कुर्ल्याला गाडी बदला, दादरला परत बदला, कोण जाईल?’ सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरून मात्र हे गृहस्थ पहाटे सहाला तयार!

तरी एक कबूल करायला हवं. नेफिला जाळं रोज सगळं मोडत नाही. एक बाजू तशीच ठेवून दुसरी नव्याने विणते, सोसायटीच्या टेरेसचं वॉटरप्रूफिंग चालतं तसं. हे विणकाम सुरू असताना काका चक्क गप्प होतात. मागचा पाय धागा ओढून चिकटवतो, पुढे सरकतो, पुन्हा चिकटवतो. काका चष्मा कपाळावर ढकलून तोंड उघडं ठेवून बघत राहतात. तेवढा वेळ त्यांना कुणी हाक मारू नये.

बोरिवलीचं उद्यान सोमवारी बंद असतं. काका निवृत्त आहेत, आठवडा मोकळा आहे, पण जायचं मनावर घेतात ते नेमकं सोमवारी.