लाईट कधी सांगून जाते होय?

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, कुंपणापाशी. गुरुजी व्हरांड्यातच बसलेत आणि परवापासून कोणाशी धड बोलत नाहीयेत.

परवा संकष्टी होती ना, थेऊरला जायचं म्हणून वहिनी साडी नेसून तयार, आणि तेवढ्यात गुरुजींना फोन. ‘आज रात्री साडेनऊला तुमची लाईट कट होणार. मागचं बिल अपडेट नाही.’ आता तुम्हीच सांगा, गुरुजींचं बिल आणि थकेल? बिल हातात पडलं की त्याच दिवशी भरणारा माणूस! पण मी सांगते, असलीच माणसं आधी घाबरतात. ज्याचं कायमचंच थकलेलं असतं तो म्हणतो, तोड बाबा, बघू उद्या. गुरुजींना मात्र दरदरून घाम. लोक काय म्हणतील!

वहिनी आतून म्हणाल्या, ‘अहो, लाईट कधी सांगून जाते होय?’ पण बायकोचं ऐकलं तर ते गुरुजी कसले...

तर काय सांगत होते, तो समोरचा मुलगा, राजबागेतल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे तो हो, तो आला. ‘द्या नंबर, चेक करतो.’ ट्रूकॉलरवर टाकला, तर नाव आलं ‘महावितरण ऑफिसर’! पोरगा छाती फुगवून म्हणतो, ‘काका, जेन्युइन आहे.’ झालं, गुरुजी चष्मा पुसत डेबिट कार्ड शोधायला लागले.

नशीब, गुरुजींची सून भाजी घेऊन आली. पिशवी न ठेवताच तिनं विचारलं, ‘काय चाललंय?’ मग त्या पोराला म्हणते, ‘अरे, ते नाव काय सरकार देतं का? लोकांनी आपापल्या फोनात जे सेव्ह केलं ते तिथं दिसतं, नाहीतर त्या माणसानं स्वतःच टाकलेलं असतं. मी उद्या कलेक्टर लावीन, मानशील?’ अहो, काय तोंड उतरलं पोराचं! चहासुद्धा न घेता गेला.

मग सुनेनं फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि गोड आवाजात म्हणाली, ‘साहेब, आमचा बारा आकडी ग्राहक क्रमांक सांगा बरं.’ तिकडे आधी शांतता. मग, ‘मॅडम, सर्व्हर डाऊन आहे. तुम्ही फक्त लिंकवरनं अ‍ॅप घ्या आणि दहा रुपये भरा.’ दहाच हं! त्या अ‍ॅपनं म्हणे आपला अख्खा स्क्रीन त्याला तिकडे दिसतो, ओटीपीसकट. हिनं कट केला आणि बिलावरचा 1912 लावला. बाकी शून्य. आता गुरुजींना राग लाईटवाल्याचा नाही, सुनेनं वाचवल्याचा, असं माझं आपलं मत. वहिनींना सांगू नका.

आणि हे काही नवीन नाही. 2022 साली नाही का, घरोघरी हेच मेसेज आले होते? साडेनऊचीच वेळ! तेव्हाच महावितरणनं सांगितलं होतं, आमच्या मेसेजवर पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल असतं, कोणा अधिकाऱ्याचा मोबाईल नंबर कधी नसतो. बँकांनासुद्धा आता 1600 नं सुरू होणारे नंबर दिलेत, जाहिरातवाल्यांना 140. तरी नंबर बघून भरवसा ठेवू नये म्हणते सून, नंबरही खोटा दाखवता येतो. फोन ठेवायचा आणि पासबुकावरचा, बिलावरचा नंबर आपण लावायचा. मग तिनं त्या भामट्याची तक्रार सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाकली, तिथं चक्षू म्हणून सोय आहे. पैसे गेले नसले तरी चालतं, नुसता संशयाचा फोन असला तरी कळवायचं.

पण खरी बातमी पुढेच आहे. सून नि मी हे सगळं कोपऱ्यावरच्या काकूंना सांगत होतो, तर नेहमीसारखं नाक वर करून म्हणाल्या, ‘आम्हाला नाही बाई कोणी फसवू शकत.’ आणि काका मागून पटकन बोलून गेले, ‘आपल्यालाही असंच दहा रुपये भरायला सांगितलं होतं की!’ अहो, काकूंचा चेहरा! पांढरा फटक. ते पैसे एफडीत अडकलेत, एफडीत अडकलेत म्हणून दोन महिने सांगत होत्या ना... कुठली एफडी नि काय, असेच गेले होते ते! गावात हसं होईल म्हणून पोलिसांतही गेल्या नाहीत. ठाण्यापर्यंत लांब थोडंच जायचं होतं?

सूनबाई हळहळली. म्हणाली, ‘काकू, त्याच तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 लावला असतात तर पुढच्या खात्यातले पैसे थांबवता आले असते कदाचित.’ ते चोर पैसे एका खात्यात ठेवतच नाहीत, या खात्यातून त्या खात्यात भराभर फिरवतात. उशीर झाला की हाती काही लागत नाही.

तुमच्या ह्यांनाही सांगून ठेवा, आणि 1930 आत्ताच सेव्ह करा, माझ्यासमोर. काकूंचं मात्र कुठं बोलू नका हं, मी फक्त तुम्हालाच सांगितलंय. आणि पलीकडच्या जोशीणबाईंना.