छेडछाडीचे वेळापत्रक

मुंबई लोकलच्या महिला डब्यात रात्री पोलीस चढतो आणि सकाळ होताच उतरतो, या दूरदृष्टीबद्दल यंत्रणेचे हार्दिक अभिनंदन. 1992 मध्ये पश्चिम रेल्वेवर लेडीज स्पेशल धावली, तेव्हा बायकांसाठी अख्खी गाडी वेगळी काढली होती. आता छेड काढणाऱ्यालाही रात्रीची वेळ वेगळी काढून दिली आहे. बायकांनी फक्त घड्याळ पाहायचे.

पुढच्या टप्प्यात इंडिकेटरवर ‘पुढील छेडछाड 10:42, धीमी, 12 डबे’ असे झळकावे. रविवारी मेगाब्लॉक ठेवावा. उशीर झाल्यास दिलगिरीची उद्घोषणा व्हावी. भरदुपारी छेड काढणाऱ्याची मात्र अजिबात गय करू नये. ड्युटी रात्रीची असताना वेळेआधी कामावर येणे ही गंभीर बेशिस्त आहे.