तोच फ्लॅट, तीन भाव

‘घर शोधायला कुठली साइट बरी?’ हे विचारणाऱ्याला पुण्यात उत्तर देणारे पाचजण लगेच मिळतात, आणि पाचहीजण भाड्याच्या घरात राहत असतात. मॅजिकब्रिक्स घ्या, नाइन्टीनाइन एकर्स घ्या, हाउसिंग घ्या. वारज्याचा तोच टू बीएचके सगळीकडे बसलेला. एकीकडे ८५ लाख, दुसरीकडे ८९, तिसरीकडे ‘भाव फोनवर’. फोटो मात्र एकच, गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलसकट. दलाल एक, त्याच्या जाहिराती तीन. साइट बदलून तुम्ही फक्त मार्केट यार्डात दुसऱ्या गेटने शिरता.

‘नंबर दाखवा’ दाबलंत की आधी तुमचाच नंबर पुढे जातो. पाच मिनिटांत फोन. ‘तो आत्ताच गेला हो सर, पण सेम टू सेम दुसरा आहे.’ सेम टू सेम म्हणजे दहा लाख वर आणि दोन मैल पुढे. सूसला ‘बाणेर अॅनेक्स’ म्हणण्याची शोधक बुद्धी ज्यांच्याकडे आहे, त्यांना दोन मैलांचं काय! वाइड अँगलच्या फोटोत मोरीसुद्धा लग्नाच्या हॉलसारखी दिसते. क्षेत्रफळ लिहिलेलं असतं ‘११०० सुपर बिल्टअप’. त्यात जिना, लिफ्ट आणि वॉचमनच्या खुर्चीखालची जमीनही आली. घरबांधणीवर लक्ष ठेवणारा रेराचा कायदा कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर बोला म्हणतो. जाहिरात कार्पेटचा आकडा विचारल्यावर सांगते.

बंगळुरूचं ‘नोब्रोकर’ २०१४ साली निघालं, दलाली नको म्हणून. मालकांचे ठरावीक नंबर फुकट, पुढचे हवे असतील तर पॅकेज. दलालाला चहा तरी पाजता यायचा.

या साइटांचं पोट भरतं ते मुख्यतः बिल्डर आणि दलालांच्या पैशावर. त्या तुमची बाजू घेतील ही अपेक्षा कशाला?

उलट ज्या दोन साइट खरं बोलतात, त्या दिसायला भयाण आहेत. नव्या प्रकल्पासाठी महारेराची, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाची. ऑगस्ट २०२३पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. तो स्कॅन केला की ‘डिसेंबरला ताबा’ म्हणणाऱ्याने महारेराकडे कुठली तारीख लिहून दिलीय, ती किती वेळा पुढे ढकललीय, हे निघतं. दलालाचाही नोंदणी क्रमांक तिथे तपासता येतो. नुसता विचारला तरी काहींच्या फोनची रेंज जाते.

जुनं घर घ्यायचं तर नोंदणी व मुद्रांक विभागाचं ई-सर्च. साल निवडा, जिल्हा निवडा, तालुका, गाव, मिळकत क्रमांक, मग वाकडीतिकडी कॅप्चा अक्षरं. ती चुकली की पुन्हा. पण शेवटी इंडेक्स टू उघडतं: दस्ताची तारीख, क्षेत्रफळ, मोबदला, भरलेलं मुद्रांक शुल्क. ‘या सोसायटीत ८५च्या खाली व्यवहारच होत नाही’ म्हणणाऱ्याच्या तोंडावर त्याच सोसायटीचा ७१ लाखांचा दस्त.

फुकट आहे. त्रास एवढाच की त्यानंतर दलालाचं ‘भाव फिक्स आहे’ ऐकताना हसू दाबावं लागतं.