चपला बाहेर काढाव्यात

आदरणीय डॉक्टरसाहेब,



दर तीन महिन्यांनी आपलं दर्शन घडतं, पण बोलणं राहूनच जातं. म्हणून हे खुलं पत्र. आपल्या वेटिंगमधल्या मंडळींनीही खुशाल वाचावं, वेळ त्यांच्याकडे भरपूर असतो.

आधी आभार मानतो ते शिस्तीबद्दल. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग नाश्ता करायचा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा दंड पुढे करायचा. घासाला घड्याळ लावणारा आमच्या घराण्यातला पहिला पुरुष मीच. ही शिस्त लॅबच्या उंबऱ्यापर्यंतच असते, हे आपल्या दारात कळलं. अपॉइंटमेंट साडेअकराची, दीड वाजला तरी नंबर नाही. सकाळी घेतलेल्या, साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडच्या गोळीला मात्र ओपीडीचं वेळापत्रक ठाऊक नसतं, ती आपलं काम चोख करत राहते. हात थरथरू लागले, घाम फुटला. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर खा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, असं समोरच्या पोस्टरवर लिहिलेलं होतं. साखर मात्र शेजारच्या काकूंच्या पर्समधून निघाली. ती तोंडात टाकताना हॉल माझ्याकडे असा बघत होता, जणू मी गाभाऱ्यात विडी पेटवली. तेवढ्यात औषध कंपन्यांचे बॅगवाले दोन एमआर आत जाऊन हसत बाहेरही आले.

मग काउंटरवरून ललकारी आली, ‘‘काका, तुमची नाश्त्यानंतरची पीपी शुगर २८६ आलीय हो!’’ लगेच एकाने मेथीदाणे सुचवले, दुसऱ्याने जांभळाच्या बियांची पूड, तिसऱ्याने कारल्याचा रस. खरं सांगतो, त्या दिवशी माझ्याशी सर्वांत जास्त वेळ बोलले ते हेच लोक. फीसुद्धा नाही.

आत आपण गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारा एचबीए१सीचा रिपोर्ट पाहिलात. ८.१. ‘‘कंट्रोल नाही. भात बंद करा. चालता ना? टेन्शन घेऊ नका.’’ तांबड्या पेशी बिचाऱ्या साधारण १२० दिवस जगतात, साखरेत घोळत राहतात आणि त्यांच्या जन्माचा निकाल चार मिनिटांत लागतो. शिवाय तो आकडा पडला सरासरीचा. पहाटेचे ५८ आणि दुपारचे २९० त्यात एकमेकांना सांभाळून घेतात. रात्री-बेरात्री बोटं टोचून हे सगळं मी वहीत लिहून आणलं होतं. वहीवर आपण पेपरवेट ठेवलात. कागद उडू नयेत ही काळजी मनाला भिडली.

डाएटच्या कागदाबद्दल फार लिहीत नाही. त्यात ओट्स आहेत, ब्रोकोली आहे, ऑलिव्ह ऑइलही आहे. ज्वारीची भाकरी कुठे दिसली नाही. परदेशी गेली असावी.

मुख्य मुद्दा पायांचा. ‘मधुमेह्यांनी घरातही अनवाणी चालू नये’ असं आपलं पोस्टर सांगतं, आणि त्याच्याच खाली पाटी आहे, ‘चपला बाहेर काढाव्यात’. दोन्ही आज्ञा शिरसावंद्य मानून मी दारापर्यंत पोस्टरचं ऐकलं, पुढे पाटीचं. म्हणजे माझे पाय उघडेच आपल्यासमोर होते, साहेब. बोटं बधिर झाली की काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळेपर्यंत पत्ता लागत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी नायलॉनचा तो १० ग्रॅमचा तंतू तळव्याला टेकवून बघायचा असतो. तंतू आपल्याकडे आहे. टेबलावरच्या पेनस्टँडमध्ये, औषध कंपनीच्या नावाच्या वेष्टणात. वेष्टण अजून फाटलेलं नाही.

तरी विनंती अशी, की पुढच्या खेपेला रिपोर्टच्या शेजारी पायही टेबलावर ठेवण्याची परवानगी मिळावी. पेपरवेट मी उचलून धरीन.

आपला नम्र,
जाड फाइलवाला एक पेशंट

ता. क. : काकूंची साखर परत करायची आहे. त्यांचा नंबर लागला का, तेवढं कळवावं.