सह्याद्रीचे वकील

मॉरिशसच्या मध्य पठारावर हेन्रिएटा नावाचं गाव आहे. गावाबाहेर उसाच्या कडेला, फेब्रुवारीतल्या एखाद्या सकाळी, सात-आठ माणसं बुटांच्या नाड्या आवळत असतात. एक फ्रेंच जोडपं, दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या दोन मैत्रिणी, मधुचंद्राला आलेलं बंगळुरूचं जोडपं आणि साठी ओलांडलेलं एक मराठी दांपत्य. गाईड रोजच्या सूचना देतो: आज आपण सात धबधब्यांच्या घळीत उतरणार आहोत, दगड निसरडे आहेत, मी पाय ठेवीन तिथेच पाय ठेवा. त्याचं बोलणं पुरतं संपलेलं नसतं, तेवढ्यात मराठी गृहस्थ पायाखालचा काळा दगड बुटाने ठोकून बघतात आणि शेजारच्या फ्रेंच माणसाला सांगतात, "बसॉल्ट. आमच्याकडे आख्खा महाराष्ट्र याचाच आहे."

फ्रेंच माणूस हसून मान डोलावतो. दिवसभरात आपल्याला अजून काय काय ऐकायचं आहे याची त्या बिचाऱ्याला कल्पना नसते.

हे सह्याद्रीकाका. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक असे कुठलेही असू शकतात. परदेशात गेल्यावर वरणभात शोधणारे काका वेगळे. सह्याद्रीकाकांना ताटात आमटी नसली तरी चालतं, समोरच्या डोंगराला आपल्याकडची जोडी सापडली नाही तर मात्र चैन पडत नाही. जगातल्या प्रत्येक डोंगराने, दरीने आणि धबधब्याने सह्याद्रीविरुद्ध दावा लावलेला आहे आणि वकीलपत्र आपल्याकडे आहे, अशी त्यांची ठाम समजूत असते. फी कोणी देत नाही. तारखेला मात्र ते न चुकता हजर असतात.

त्यांची तरुणपणची प्रत्येक सुट्टी डोंगरात गेलेली असते. पहाटेची एसटी, कर्जतची पहिली लोकल, रात्रभर चालून काढलेला कात्रज-सिंहगड, कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली वाकून बघणं. मग नोकरी, कर्ज, मुलं, गुडघा. आता मुलगा आणि सून हौसेने मॉरिशसची सहल काढून देतात: समुद्रकाठचं हॉटेल, बुफे, स्पीडबोट. काका सगळ्याला हो म्हणतात, पण "एक दिवस डोंगराचा ठेवा" हा हट्ट सोडत नाहीत. त्या दिवसासाठी पाठीवर हॉटेलातली पिशवी चालत नाही. घरून जुनी सॅक आणि हंटर शूज आलेले असतात. सॅकमध्ये चिक्की, इलेक्ट्रॉल, शिट्टी आणि वीस फूट नायलॉनची दोरी. गाईडकडे चांगली दोरी असतेच. काका तिच्या गाठी तपासतात.

चाळीस जणांच्या बसमध्ये असा माणूस खपून जातो. आठांच्या गटात पळायला जागा नसते. सात धबधब्यांच्या वाटेवर गट लहान ठेवतात त्याला कारण आहे: वाट अरुंद, ठिकठिकाणी पाण्यातून जाणारी, आणि कठीण जागी प्रत्येकाला हात देऊन उतरवायचं असतं. काकांच्या लेखी मात्र लहान गटाचा अर्थ एवढाच की शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचतो.

वाट सुरू होते उसातून. मळ्यांत जागोजाग काळ्या दगडांचे मोठाले ढीग रचलेले दिसतात. काका तोंड उघडतात, "आमच्याकडे कोल्हापूरला..." आणि गाईड मध्येच सांगतो की हे ढीग गुलामांनी आणि नंतर भारतातून आणलेल्या गिरमिटियांनी शेतं साफ करताना हाताने रचले. १८३४ नंतर सुमारे साडेचार लाख माणसं अशी कराराने इथे आणली गेली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरीकडची कुटुंबंही होती. मजुराला महिन्याला पाच रुपये आणि शिधा, करार पाच वर्षांचा. काका कोल्हापूर तिथेच सोडतात. थोडं चालून झाल्यावर विचारतात, "पाच रुपयांत घरी काय पाठवत असतील?" याचं उत्तर गाईडकडेही नसतं.

पहिला धबधबा दिसला की वकिली पुन्हा सुरू. तामारें नदी इथे कड्याच्या पायऱ्यांवरून एकामागून एक उड्या घेत खाली जाते. सगळी उतरण मिळून जवळजवळ तीनशे मीटर. पावसाळ्याचे दिवस, पाणी भरपूर, हिरवाई गच्च. दक्षिण आफ्रिकेच्या मैत्रिणी फोटो काढतात, बंगळुरूचं जोडपं नुसतंच बघत उभं राहतं.

"छान आहे," काका म्हणतात. त्यांच्या 'छान आहे'मागे 'पण' येणार हे काकूंना पस्तीस वर्षांच्या सरावाने माहीत असतं. "पण तुम्ही ठोसेघर बघा. वजराई बघा. नाणेघाटात तर पाणी वाऱ्याने उलटं वर जातं."

"आत्ता जातं?" बंगळुरूची मुलगी कुतूहलाने विचारते.

काका गडबडतात. आत्ता फेब्रुवारी. दक्षिण गोलार्धात हा भर पावसाळा, आणि सह्याद्रीत याच दिवसांत ठोसेघरच्या कड्यावर पाण्याची जेमतेम रेघ असते. नाणेघाटात वारा असतो, पाणी नसतं. "आमचे जूनमध्ये सुरू होतात," काका सांगतात. स्वतःच्या मालकीचे धबधबे दुरुस्तीसाठी बंद ठेवल्याचा सूर त्यांना अगदी नैसर्गिक जमतो.

धबधबे सात की अकरा, यावर अर्धा तास जातो. नाव सातचं, पण लहान उड्या धरल्या तर आकडा वाढतो आणि कुठली उडी धरायची यावर गाईडमंडळींतही एकमत नाही. काका बोटं दुमडत मोजतात, दोन बाद करतात, एक परत घेतात. खाली तामारें फॉल्सचं जलविद्युत केंद्र आहे असं कळताच भिरा निघतं: देवकुंडजवळचं, टाटांचं, १९२७ सालचं. या साली तुमचं होतं का? गाईड शांतपणे "कोरेक" म्हणतो. क्रिओलमध्ये त्याचा अर्थ ठीक आहे, चालेल, बरोबर, यातला काहीही होतो. काकांना तो शब्द फार आवडतो. ते आपलं बरोबर ठरलं असं धरून चालतात.

घळीवरून लांब शेपटीचा एक पांढरा पक्षी तरंगत जातो. मॉरिशसच्या विमानांवर ज्याचं चित्र असतं तो हा. काका लगेच म्हणतात, "आमचा स्वर्गीय नर्तक!" गाईड सांगतो, हा समुद्रपक्षी आहे, कड्यात घरटं करतो, पोटासाठी समुद्रावर जातो. या पक्ष्याला सह्याद्रीत जोडी नाही. काका हा मुद्दा पुढच्या तारखेवर टाकतात.

इतकं सगळं असूनही, काका चालतात कसे ते बघायला हवं. गुडघा दुखरा, पण ओल्या कातळावर पाऊल पडतं ते पूर्ण तळव्याने, अंगाचा भार पुढे, हात मोकळे. फ्रेंच माणसाचे बूट महागडे. तो शेवाळावर दोनदा बसतो. दुसऱ्या वेळी काका त्याला उठवतात, स्वतःची काठी देतात आणि पाठीमागून शब्दांशिवाय, नुसत्या बोटाने, पाय कुठे टाकायचा ते दाखवत राहतात. त्या वीस मिनिटांत सह्याद्रीचं नावही निघत नाही.

चौथ्या की पाचव्या धबधब्यापाशी (मोजणी अजून चालूच असते) आकाश कोरडं असतं, तरी गाईड पाण्याकडे बघत थांबतो. काकाही थांबतात. पाण्याचा रंग बदललेला असतो. मघाशी स्वच्छ होतं, आता गढुळलंय, आणि काटक्या-पाला वाहून येतोय. वरच्या पठारावर पाऊस झाला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या मैत्रिणी डोहात पोहायच्या तयारीत असतात. गाईड त्यांना बोलावतो, तेवढ्यात काकांची शिट्टी वाजते. दोघं एकमेकांना न विचारता गटाला कडेच्या झाडीत वर घेतात. थोड्याच वेळात ज्या दगडावर सगळ्यांच्या पिशव्या होत्या तो पाण्याखाली जातो.

आपल्याकडे दर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात आणि दर पावसाळ्यात ते तोडून लोक वाहून जातात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. काकांनी त्याची चित्रफीत पाहिलेली असते. "आम्ही पावसातच जातो" ही त्यांची नेहमीची बढाई त्या दिवशी तोंडातून निघत नाही. गाईड खालचे धबधबे रद्द झाल्याचं जाहीर करतो, तेव्हा पैसे परत मागणाऱ्याला समजावण्याचं कामही काका आपण होऊन घेतात.

दुपारचं जेवण झाडाखाली. गाईड ढोल पुरी काढतो: आत वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी, वर रसभाजी आणि मिरचीची चटणी. बरोबर गातो पिमां, म्हणजे डाळवडाच. काका काही म्हणायच्या आत काकू एक घास घेऊन निकाल देतात, "पुरणपोळीत गूळ घालायचा राहिला. पण छान लागते." काकूंच्या 'छान'पुढे 'पण' येत नाही, आधी येतो. त्यांच्या संसाराचं मर्म यातच असावं असा आमचा संशय आहे.

मग गाईड सांगतो की आपण ज्या गावातून निघालो त्या हेन्रिएटात एका मराठी कुटुंबाने १८९६ मध्ये गणपती बसवला, मॉरिशसमधल्या गणेशोत्सवाची सुरुवात तिथून धरतात, आणि आज गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. काकांचा घास हातातच राहतो. "टिळकांचा १८९३," ते पुटपुटतात. "तीन वर्षांत इथे? जहाजाने?" पुण्याबाहेर कुठलीही गोष्ट तीन वर्षांत पोचू शकते हे पचायला त्यांना दुसरी ढोल पुरी लागते.

खरा घात दुपारनंतर होतो, तोही गाईडच्याच हातून. गाडी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाच्या सज्जावर थांबते. समोर जंगलाने भरलेली दरी, पलीकडे समुद्राची पट्टी, एका बाजूला या बेटाचं सर्वोच्च शिखर, ८२८ मीटर. काकांना कळसूबाईचे १६४६ पाठ असतात. "निम्म्याला जेमतेम," ते म्हणतात. (८२८ च्या दुपटीपुढे कळसूबाई दहा मीटरने कमी पडते, पण हा हिशेब कोणी मांडत नाही.) "आणि दगड तर आमच्यासारखाच."

"सारखा असणारच," गाईड म्हणतो. "दोन्ही एकाच चुलीवरचे."

आणि तो समजावून सांगतो. पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूभाग तिच्यावरून उत्तरेकडे सरकत होता, तेव्हा लाव्हाचे थरांवर थर पसरले. तेच दख्खनचं पठार, त्यातच कोरलेला सह्याद्री. जमीन पुढे गेली, आग मागे राहिली. तिच्या खुणा लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशा ओळीने समुद्रात दिसतात. ८०-९० लाख वर्षांपूर्वी त्याच आगीतून मॉरिशस वर आलं, आणि आज ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ असंच मानतात.

काका दोन्ही हातांनी कठडा धरतात. चाळीस वर्षं ते पुराव्याशिवाय खटला लढवत आलेले असतात. आज प्रतिपक्षाच्या साक्षीदाराने उभं राहून सगळं कबूल केलं! "म्हणजे," ते सावकाश म्हणतात, "हे आमचंच."

इथून पुढे त्यांना आवरणं कोणालाच शक्य नसतं. अलेक्झांड्रा धबधबा 'आपला' होतो. शामारेलचा उंच धबधबा आणि सात रंगांची माती 'आपल्यातलीच' होतात. शामारेलच्या उतरणीवरून समुद्रात घुसलेला ल मॉर्नचा एकांडा कडा दिसतो. पळून गेलेल्या गुलामांनी त्याचा आसरा घेतला होता, २००८ पासून तो जागतिक वारसा आहे, हे ऐकून काका टोपी काढतात. टोपी पुन्हा घालताना तो 'समुद्रात ठेवलेला तैलबैला' झालेला असतो. ल मॉर्नजवळच्या समुद्राखालच्या प्रसिद्ध धबधब्याची मधुचंद्रवाल्यांना उत्सुकता असते. गाईड सांगतो की ती वाळू आणि गाळ खोल पाण्यात घसरण्याची गंमत आहे, आणि ती विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधूनच दिसते. "पाणीच पडत नाही तो धबधबा कसला?" काका फेटाळून लावतात. सात-अकराच्या यादीत त्याला जागा मिळत नाही.

गाडीत बसल्या बसल्या जुन्या ट्रेकर मित्रांच्या ग्रुपवर मजकूर जातो: मॉरिशस सह्याद्रीचंच, भूशास्त्रीय पुरावा मिळाला, सविस्तर आल्यावर. लगेच एकाचा प्रश्न येतो: किल्ला आहे का? काका गाईडला विचारतात. पोर्ट लुईला आहे, इंग्रजांनी १८३४ ते १८४० मध्ये बांधलेला. काका बराच वेळ फोनकडे बघतात आणि मग लिहितात: आहे, पण टेकडीवर, आणि इंग्रजी. उत्तरादाखल आलेले तीन हसरे चेहरे ते काकूंना दाखवत नाहीत.

शेवटचा थांबा दक्षिण किनाऱ्यावरचं ग्री-ग्री. बेटाला बहुतेक ठिकाणी प्रवाळाचं कुंपण आहे, त्यामुळे किनाऱ्याला पाणी शांत असतं. इथे ते कुंपण तुटलंय, म्हणून लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट आठवत नसती तर ते सह्याद्रीकाका कसले? आठवण सांगून झाल्यावर ते गाईडला बाजूला घेतात. रियुनियनला जायचं तर किती वेळ लागतो? गाईड सांगतो, विमानाने जेमतेम पाऊण तास, पण ते बेट फ्रान्सचं आहे.

"फ्रान्सचं कसं?" काका फ्रेंच माणसाकडे वळून बघतात. तो दोन हात वर करून या प्रकरणातून अंग काढून घेतो.

"आधी ते बूट काढा," काकू गाडीच्या दारातून म्हणतात. "सगळी गाडी चिखलाने भरवलीत."

"हा चिखल नाही गं," काका नाडी सोडता सोडता म्हणतात, "हा दख्खन आहे."

"मग तो बाहेर झटका."