युनिटकाका

युनिटकाका कोणत्या पक्षाचे, हे त्या वर्षी ऊर्जामंत्री कोणत्या पक्षाचा आहे त्यावरून ओळखायचं. तो एक पक्ष सोडून उरलेल्या सगळ्या पक्षांचे काका. शपथविधी चालू असतो तेव्हा गाव मुख्यमंत्र्यांकडे बघतं, काका खातेवाटपाची वाट बघत जेवण लांबवतात. ऊर्जा खातं जाहीर झालं की उठून कपाटाकडे जातात.

कपाटात दोन फायली आहेत. एकीवर 'विरोधात असताना' आणि दुसरीवर 'सत्तेत असताना'. पहिलीत वीजबिलाची होळी, लाईट ऑफिसला टाळं, अभियंत्याला घेराव. दुसरीत वीज कंपनीचा तोटा, कोळशाचे भाव, जनतेनं समजून घ्यावं. दोन्ही फायलींतले फोटो बऱ्याचदा त्याच माणसांचे आहेत. पूर्वी काका कात्रणं पक्षवार लावत. 2019 नंतर त्यांनी तो नाद सोडला. बाकाप्रमाणे लावली की माणूस आपोआप सापडतो, म्हणतात.

काकांची या विषयातली मुंज लागली ती दाभोळला. 1993 साली काँग्रेसच्या राज्यात एन्रॉनशी तिथल्या वीजप्रकल्पाचा करार झाला. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीनं त्याच्याविरुद्ध रान उठवून निवडणूक जिंकली, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्दही केला, आणि पुढल्या वर्षी तोच प्रकल्प 2184 मेगावॉटचा होऊन परत आला. त्यात वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारला दुसरं काही जमलं नाही तरी एन्रॉनला द्यायच्या हमीवर मोहोर उठवणं जमलं. "तेरा दिवसांत आमच्या ऑफिसात साधा पंखा दुरुस्त होऊन येत नव्हता," असं काका म्हणतात, आणि त्यांच्या सुरात थोडं कौतुकही असतं. 2001 मध्ये ती वीज परवडेना म्हणून राज्य वीज मंडळानं घेणं थांबवलं, डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. काँग्रेसवाला भेटला तर काका 1996 पासून सुरुवात करतात, भाजपवाला भेटला तर 1993 पासून. दोघेही अर्ध्यात उठून जातात, त्यामुळे ही कथा आजवर पुरती कुणी ऐकलेली नाही.

भारनियमनाचा काळ हा काकांचा सुवर्णकाळ. टीव्ही बंद, पंखा बंद, सगळी आळी कट्ट्यावर. एवढा श्रोतृवर्ग गावच्या व्याख्यानमालेलाही मिळत नसे. त्या वेळी फिडरांचे गट पाडले होते. जिथे गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधारही जास्त. आमचा फिडर खालच्या गटात होता, कारण ओढ्याकडच्या बाजूला संध्याकाळ झाली की तारांवर आकडे पडत. काका पै न् पै भरणारे, तरी त्यांना अंधार आकडेबहाद्दरांच्याच हिशेबानं. "ही कसली नियमावली? शेजाऱ्यानं कॉपी केली म्हणून मी नापास!" असं ते कडाडत. एक आकडेवाला शेजारीच बसून मान डोलवायचा. "बरोबर आहे काका, धरलंच पाहिजे एकेकाला."

खरी जुंपायची ती गिरणीवाले पैलवान आणि आबा यांच्यात. आबांची दोन एकर बागायत. पैलवानांची पिठाची गिरणी.

"आबा, तुमच्या मोटरीचं बिल माझ्या पिठात येतंय."

"मग ये की रातच्याला दारं धराया. बिबट्या काय बिल बघून वाट सोडतोय व्हय?"

काका इथे मध्ये पडत, आणि पडत ते पेट्रोलचा कॅन घेऊन. पैलवानांना सांगत की उद्योगाच्या दरातून शेतीला आधार दिला जातो, त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात, म्हणजे तुझं म्हणणं कायदेशीर आहे. मग आबांकडे वळून सांगत की शेतीच्या खात्यावर जेवढी वीज दाखवतात तेवढी खरोखर शेतात जाते का, यावर या राज्यात वर्षानुवर्षं वाद आहे. गळती तुझ्या मोटरीच्या नावावर खपवतात असं जाणकार म्हणतात, म्हणजे तुझंही बरोबर. दोघांना आपापलं बरोबर कळलं की दोघे दुप्पट त्वेषानं भिडत आणि काका शांतपणे घरी जेवायला जात.

आबा मात्र अनुभवानं पक्के झालेले. 2004 च्या निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारनं शेतीपंपांची बिलं शून्य केली. निवडणूक झाली, त्यांचीच आघाडी परत आली, आणि पुढच्या वर्षी तिनंच फुकट वीज बंद केली. त्यामुळे 2024 च्या जुलैत साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत विजेची बातमी घेऊन काका धावत गेले, तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, "निवडणूक कवा हाय?"

काकांचं मूळ दुःख वेगळंच आहे. पूर्वी दर मंडळ आणि सरकार ठरवायचं, त्यामुळे शिव्या द्यायला एक ठरलेला पत्ता होता. 1999 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आला आणि पत्ता हरवला. आता मंत्र्याला विचारलं की तो आयोगाकडे बोट दाखवतो, आयोग कंपनीच्या खर्चाकडे, कंपनी कोळशाकडे, आणि कोळसा दिल्लीकडे. "दर वाढले की ते आयोगानं वाढवलेले असतात, उतरले की सरकारनं उतरवलेले," हे काकांचं निरीक्षण मला तरी खोडून काढता आलेलं नाही.

म्हणून काका थेट आयोगापुढे गेले. दरवाढीच्या प्रस्तावावर कुणाही ग्राहकाला हरकत घेता येते, सुनावणीत बोलता येतं. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं आणि त्याहून थोडे लोक त्यासाठी एसटीत बसतात. काकांनी जाडजूड निवेदन नेलं. त्यांच्या आधी कारखानदारांचे वकील बोलले, यंत्रमागवाले बोलले, मग काका उभे राहिले. प्रस्तावना संपायच्या आत वेळ संपली. 'आपलं म्हणणं नोंदवलं आहे' असं ऐकून ते परतले. काही आठवड्यांनी आदेश निघाला. दरवाढ झाली होती. पण आदेशाच्या शेवटी हरकत घेणाऱ्यांची यादी असते, तीत काकांचं नाव छापून आलं होतं. काकांनी ते पान लॅमिनेट करून घेतलं आणि आळीत पेढे वाटले. दरवाढीचे पेढे खाल्लेली ही महाराष्ट्रातली एकमेव आळी असावी.

2025 चा मार्च मात्र त्यांना जड गेला. आयोगानं 28 तारखेला चक्क दर कमी करण्याचा आदेश काढला, सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास. काका दोन वेळा जेवले नाहीत. विरोध कशाला करायचा? फाईल कुठली काढायची? काकू डॉक्टरला बोलवायच्या बेतात होत्या. पण एप्रिल उजाडल्यावर कंपनीच्या अर्जावरून त्याच आदेशाला स्थगिती मिळाली आणि काका खडखडीत बरे झाले. जूनच्या अखेरीस सुधारित आदेश येईपर्यंत त्यांचा रक्तदाबही चांगला होता.

बिल ते कधीच निमूट भरत नाहीत. विद्युत कायद्याच्या कलम 56 मध्ये हरकत नोंदवून रक्कम भरायची सोय आहे, ती वापरणारा माणूस मी एकच पाहिला. दर महिन्याला बिलाच्या पाठीवर 'हरकत राखून भरणा' असं सुवाच्य अक्षरात लिहायचं आणि खिडकीत द्यायचं. खिडकीतला मुलगा न वाचता त्याच्यावरच शिक्का मारायचा.

या सगळ्यात काकूंनी कधी तोंड घातलं नाही. त्यांनी भिशीचे पैसे साठवले, सूर्यघर योजनेतला अर्ज मुलीकडून भरून घेतला आणि काका तालुक्याला मोर्चात असताना छपरावर पॅनेलं बसवून घेतली. पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा काका सुखावले. अशी पॅनेलं लाईनवर वीज सोडून तारेवरच्या वायरमनच्या जिवावर उठू नयेत, म्हणून पुरवठा गेला की तीही बंद होतात. डोक्यावर रणरणतं ऊन आणि घरात पंखा बंद, हे त्यांनी भर दुपारी सगळ्या आळीला बोलावून समजावलं.

मग बिल आलं. युनिट : शून्य.

काका बराच वेळ कागद धरून बसले. ज्या शब्दानं गाव त्यांना ओळखतं तोच तिथे उरला नव्हता. मग नजर खाली सरकली आणि डोळ्यांत तेज आलं. स्थिर आकार होताच. एक युनिटही न घेता आकार! त्यांनी पेन काढलं, कागद उलटा केला.

"कशाला लिहिताय? मी सकाळीच भरलं फोनवरून," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "लवकर भरलं म्हणून सव्वा रुपया सुटला पण."

काकांनी पेन खाली ठेवलं नाही. "सव्वा कशावर धरलाय? विद्युत शुल्क धरून की वगळून?"