उन्हाळी उमेदवारी
भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या नियमांनी पंचवार्षिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यास किमान 20 आठवड्यांची उमेदवारी सक्तीची केली, आणि ती एका वर्षात सलग 4 आठवड्यांहून अधिक नसावी अशी मेखही मारून ठेवली. तेव्हा महाविद्यालये मिटतात त्याच मे महिन्यात, म्हणजे सुटीतील न्यायासनाचा अपवाद वगळता मुंबई उच्च न्यायालयही विश्रांती घेत असताना, हे न्यायपिपासू युवक सरकारी वकिलांच्या कचेरीत रुजू होतात, यात नवल ते कोणते? युक्तिवाद ऐकावयास मिळत नाही, म्हणून दप्तरे लावावयास मिळतात. मात्र शासनाचे प्रतिज्ञापत्र मुदतीत का दाखल होत नाही, याचे तेथे घडणारे प्रात्यक्षिक कोणत्याही प्राध्यापकास साधणार नाही: फाईल मंत्रालयात, अभिप्राय विचाराधीन, अव्वल कारकून रजेवर. प्रमाणपत्र मागावे, तर त्यालाही, शिरस्त्याप्रमाणे, पुढील तारीख.